नाचणारे जेवले का?

आमचा एक मामेभाऊ दुबईत हॉटेलात काम करतो. वेटर म्हणून लागला, आता दहा-बारा वेटरांवरचा कॅप्टन आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तो सिल्लोडला आला होता. निकाहाला दोन दिवस होते. घर पाहुण्यांनी भरलेले. रात्रीची जेवणे आटोपली होती, दस्तरखान अजून उचललेला नव्हता, कलियाचा वास घरभर दरवळत होता, आणि पोरांनी त्याला घेरले. दुबईच्या गोष्टी आता सगळ्यांना जुन्या झाल्या आहेत. या खेपेला नवलाई होती ती स्पेनची. हॉटेलाच्या कामानिमित्त त्याला पंधरवडाभर तिकडे धाडले होते आणि सुटीच्या दोन दिवसांत तो गर्नाता पाहून आला होता.

अलहम्ब्राची छायाचित्रे निघाली तेव्हा वडीलधाऱ्यांनी नेहमीप्रमाणे सुस्कारे सोडले. मग त्याने मोबाईलवर एक चित्रफीत लावली. डोंगरात कोरलेली एक लांबट, अरुंद गुहा. भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र, त्यांवर तांब्याची भांडी टांगलेली. दोन्ही बाजूंना भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांत पर्यटक आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत नाचणारी एक प्रौढ बाई. टाचा अशा आपटत होती की जणू जमिनीशी तिचे काही जुने भांडण आहे. मागे एक गिटारवाला, एक टाळ्यांचा ताल धरणारा आणि डोळे मिटून गाणारा एक म्हातारा. नाचानंतर शेजारच्या गुहेत जेवण. तिकिटातच सगळे होते. दारूऐवजी त्याने संत्र्याचा रस मागून घेतला होता, हे त्याने अम्मींकडे पाहून आवर्जून सांगितले.

अम्मींनी चष्मा लावून ती चित्रफीत दोनदा पाहिली. "रोता क्या उनो?" त्यांनी गाणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून विचारले.

"नै फुफी, गाता."

थोडा वेळ गेला आणि अम्मी म्हणाल्या, "तुम लोगां तो खाना खाए. उन लोगां खाए क्या?"

पोरे हसली. मामेभाऊ हसला नाही. त्याला उत्तर माहीत नव्हते. शेवटी जरा चिडूनच तो म्हणाला, "मै भी रोज लोगां को खिलाता, फुफी. बारा बरस हो गए, कोई नै पूछा तू खाया क्या. पूछे तो अच्छा भी नै लगता. पगार टैम पे देव, बस."

"तेरे सेठ को नै पूछी मै," अम्मी म्हणाल्या. "तेरे को पूछी."

गोष्ट एवढीच. पण हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. कलेच्या बदल्यात पैसे दिले की आमचे देणे संपते का? की पैशाने न फिटणारे काही शिल्लक उरते? मामेभावाचे म्हणणे खोटे नव्हते. कष्टकऱ्याला दया नको असते, दाम हवा असतो. आणि अम्मींचे म्हणणेही खोटे वाटत नव्हते. दोघेही बरोबर असतील तर चूक कुठे आहे, हे शोधायला हवे होते.

प्रथम त्या गुहांविषयी. गर्नात्यात अलहम्ब्राच्या समोर, दारो नदीच्या पलीकडे सॅक्रोमॉन्ते नावाची टेकडी आहे. तिच्या पोटात कोरलेल्या गुहांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रोमा लोक राहत आले. स्पेनमध्ये त्यांना हितानो म्हणतात. हे लोक मूळचे आपल्याच उपखंडातले. हजारेक वर्षांपूर्वी ते इथून निघाले आणि इराण, आर्मेनिया, ग्रीस ओलांडत युरोपभर पसरले. स्पेनच्या कागदपत्रांत त्यांची पहिली नोंद १४२५ सालची आहे. त्यांच्या रोमानी भाषेत आजही पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान आणि माणसाला मनुष म्हणतात. रोमा आणि आपले बंजारा हे सख्खे भाऊ असल्याचे आपल्याकडे भाषणांतून हमखास सांगितले जाते. भाषाशास्त्र तेवढे पुढे जात नाही. घराणे एक आहे, एवढेच ते सांगते. पण तेवढेही पुष्कळ आहे.

त्या टेकडीवरच्या नाचाला सांब्रा म्हणतात. हे नाव आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. ते रोमांचे नाही, ते गर्नात्याच्या मुसलमानांचे आहे. २ जानेवारी १४९२ रोजी गर्नात्याचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला याने किल्ल्या सोपवल्या. पुढे काही वर्षांतच मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. या बाटवलेल्यांना मोरिस्को म्हणत. त्यांच्या लग्नाकार्यातल्या गाण्या-नाचाला सांब्रा हे नाव होते. १५६७ साली दुसऱ्या फिलिप राजाच्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, पेहराव, हमाम आणि त्यासोबत सांब्राही बंद केला. फ्रान्सिस्को नून्येझ मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदाराने त्या फर्मानाविरुद्ध अर्ज केला. त्यात त्याने मांडले की सांब्राचा धर्माशी संबंध नाही, ती या प्रांताची रीत आहे. उलट फकीह मंडळी हजर असली की आमच्याकडे वाद्ये थांबवली जात. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद वाचताना आम्हाला आमच्या मोहल्ल्यातली लग्ने आठवली. मौलाना येताना दिसले की आमच्याकडेही बँडवाला बाजा खाली ठेवतो.

अर्ज फेटाळला गेला. बंड झाले, ते चिरडले गेले, आणि १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना देशाबाहेर हाकलण्यात आले. सांब्रा हे नाव तेवढे त्या टेकडीवर उरले. ते ज्यांच्या तोंडी उरले त्या हितानोंची कहाणीही सुखाची नाही. जुलै १७४९ मध्ये स्पेनच्या सरकारने एकाच मोहिमेत देशभरातल्या हितानोंची धरपकड केली. हजारो माणसे पकडली, पुरुष एकीकडे आणि बायका-मुले दुसरीकडे अशी कुटुंबे फोडली. त्यानंतर शतकभराने सॅक्रोमॉन्तेच्या गुहांकडे युरोपचे प्रवासी नाच पाहायला येऊ लागले. १९६३ च्या सुमारास अतिवृष्टीने गुहा ढासळल्या आणि तिथल्या बहुतेक कुटुंबांना शहराच्या कडेला हलवण्यात आले. म्हणजे राहणारे निघून गेले आणि नाच तिथेच राहिला. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. वारशाला मान्यता मिळाली. वारसांना घर भाड्याने मिळण्यातल्या अडचणी युरोपात आजही संपलेल्या नाहीत.

आता गर्नात्याहून घरी येऊ. सिल्लोडच्या माणसाला गुहा नवीन नाहीत. इथून गोळेगाव आणि अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरला की फर्दापूर, आणि तिथून वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरची लेणी. युनेस्कोने अजिंठ्याला १९८३ साली जागतिक वारसा ठरवले, अलहम्ब्राला १९८४ साली. लेणी क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाचे चित्र आहे. राजाचे मन संसारातून उठले आहे आणि त्याला रिझवण्यासाठी एक नर्तकी नाचते आहे, भोवती वादक स्त्रिया आहेत. दीड हजार वर्षे ती नाचते आहे. लेणी क्रमांक १६ मध्ये कोरीव लेख आहे. त्यावरून ते लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवले हे कळते. पैसे देणाऱ्याचे नाव दगडात राहिले. भिंत रंगवणाऱ्याचे नाव राहिले नाही, आणि ती नर्तकी ज्या कुणा बाईला पाहून रंगवली असेल तिचे तर नाहीच नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर त्याच डोंगराच्या परिसरात लमाणांचे तांडे आहेत. बंजाऱ्यांनी एकेकाळी हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दक्षिणेतल्या मोगली फौजा पोसल्या. इंग्रजांचे रस्ते आणि रेल्वे आली, तशी त्यांची बैलवाहतूक संपली. आज त्यांतली किती तरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पर्यटकांसाठीच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत मात्र लमाणी नाच हमखास असतो. आरसे लावलेले घागरे, हातभर चुडा. पाहुणे मोबाईल उंचावतात, टाळ्या वाजतात, मग जेवणाचे बोलावणे येते. त्या बायका जेवल्या का, कुठे जेवल्या, परत तांड्यावर कशा गेल्या, हे आम्हीही कधी विचारले नाही. आमच्या अम्मींनी गर्नात्याच्या हितानोंबद्दल विचारले तेव्हा आम्हाला हे पहिल्यांदा सुचले.

यावर एक उत्तर असे दिले जाते की कला विकलीच जाऊ नये. पैसा आला की कला भ्रष्ट होते. १९२२ च्या जूनमध्ये संगीतकार मान्युएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी अलहम्ब्राच्या आवारात जुन्या गायकीची स्पर्धा भरवली, तेव्हा हीच चिंता त्यांच्या मनात होती. त्यांनी नियम केला की एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांना स्पर्धेत जागा नाही. त्यांची कळकळ खरी होती. पण त्या नियमाचा अर्थ पाहा. ज्याने गाण्यावर पोट भरले तो अशुद्ध, आणि जो उपाशी राहून गायला तो शुद्ध. दुसऱ्याच्या उपाशीपोटातली शुद्धता आवडणे हा भरल्या पोटाचा शौक आहे. आमच्या मामेभावाचा राग इथे रास्त ठरतो. फुकटात कला मागणारा तिकीट काढणाऱ्यापेक्षा वाईट. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आम्हाला लहानपणापासून आहे. नाचणाऱ्यालाही घाम येतोच.

दुसरे उत्तर असे की असले प्रकार बंदच करावेत. बाईने परक्यांसमोर नाचावे हेच मुळी चूक. आमच्या समाजात हे उत्तर लवकर दिले जाते. इतर समाजांतही कमी नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बार बंदीचा कायदा आला. हजारो स्त्रियांची रोजी गेली. पण त्याच कायद्यात तीन तारे आणि त्याहून वरच्या हॉटेलांना सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो कायदा रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला, तेव्हा याच दुजाभावावर बोट ठेवले गेले. नाच तोच, बाईही कदाचित तीच; जेवणाचे ताट महाग असेल तर नैतिकतेला हरकत नाही, असा त्या सुटीचा अर्थ होत होता. बंदी घालणाऱ्याला नाचणारीच्या अब्रूची काळजी असेल, तर बंदीच्या दुसऱ्या दिवशी ती काय खाणार, याचीही काळजी त्यालाच करावी लागेल. ती कुणी केली नाही.

अस्वलाचा खेळ करणारे दरवेशी आमच्या लहानपणी सिल्लोडच्या बाजारात येत. आयाबाया अस्वलाचा केस मागून घेत, ताईतात घालून पोरांच्या गळ्यात बांधत. पुढे वन्यजीव कायद्याने तो खेळ बंद झाला. मुक्या जनावराच्या नाकातली वेसण निघाली, हे न्यायाचेच झाले. पण वेसण धरणारा कलमा पढणारा होता, आमच्याच सफेत उभा राहणारा होता. त्याचा मुलगा आज काय करतो, हे आमच्यापैकी किती जणांनी विचारले?

मग बरोबर वागणे कोणते? याचा विचार करताना आम्हाला गर्नाता सोडून खुलताबादकडे वळावे लागले. आमच्याच जिल्ह्यात, शहाराहून (पूर्वीचे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) जवळच बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते १३३७ मध्ये वारले. निजामुद्दीन औलियांचे ते खलिफा, आणि समाचे, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याचे, मोठे शौकीन. त्या मैफलीत भान हरपून डोलण्याची त्यांची आणि त्यांच्या मुरिदांची रीत इतकी वेगळी होती की तिला बुऱ्हानी हेच नाव पडले. निजामुद्दीन औलियांची वचने लिहून ठेवणारे अमीर हसन सिजझीही खुलताबादच्याच मातीत आहेत.

औलियांनी समासाठी चार गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या : गाणारा कसा आहे, ऐकणारा कसा आहे, गायले काय जाते आणि वाद्ये कोणती आहेत. यात बाईच्या गाण्याला जागा नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही. तो त्या काळाचा आणि त्या खानकाहचा नियम होता. आम्हाला त्यातली दुसरी अट मोलाची वाटते. आज आम्ही सगळे नियम गाणाऱ्या-नाचणाऱ्यासाठी करतो. तिने काय ल्यावे, किती वाजता थांबावे, कोणते गाणे म्हणू नये. ऐकणाऱ्यासाठी नियम नसतो. त्याने तिकीट काढले की झाले. औलिया मात्र ऐकणाऱ्यालाही पारखून घेत होते.

त्याहून जुने आहेत इमाम गझाली. ते ११११ साली वारले. समाच्या अदबींविषयी लिहिताना त्यांनी वेळ, जागा आणि सोबत या तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. वेळेबद्दल त्यांचे म्हणणे असे की नमाजाची वेळ असेल, भांडण चालले असेल किंवा पुढ्यात अन्न वाढलेले असेल, तेव्हा ऐकू नये. मन दुसरीकडे असते, त्या ऐकण्याचा फायदा नाही. आम्ही हे वाचले आणि थबकलो. जेवण आणि गाणे एका तिकिटात बसवणाऱ्या आजच्या धंद्याला नऊशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. आणि ते उत्तर हराम-हलालच्या भाषेत नाही. मन हजर नसेल तर ऐकू नकोस, एवढेच ते सांगते. कुणी आपले दुःख गात असताना हाडातली नळी चोखत बसणे हा गुन्हा नसेल, पण ते ऐकणेही नव्हे.

खानकाहमधले आणखी एक वळण ध्यानात घेण्यासारखे आहे. तिथे गाणे झाले की लंगर वाढला जाई, आणि कव्वाल व मुरीद एकाच लंगरचे अन्न खात. कव्वालाला द्यायची नजर आजही जुन्या दर्ग्यांत आधी मैफलीच्या सदरावर बसलेल्या बुजुर्गांपुढे ठेवतात, ते तिला हात लावतात आणि मग ती कव्वालापर्यंत जाते. पैसा तोच, पण तो हातातून हातात जातो. दुसरीकडे बैठकीच्या लावणीत दौलतजादा असते. दौलतजादेतही दर्दी रसिक हातात नोट ठेवत आणि अदब राखत, असे जुने लोक सांगतात. आज लग्नांतून, उरुसांतूनही नोटा हवेत उधळतात आणि ढोलकीवाल्याचे पोर त्या पायांखालून वेचते. मजुरी दोन्हीकडे मिळते. पण एका ठिकाणी घेणारा उभा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी वाकलेला.

मजुरीवर सगळे भागत असते तर विठाबाई नारायणगावकरांच्या वाट्याला ते जिणे आले नसते. तमाशा रंगात असताना पोटात कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. आम्ही ती कौतुकाने सांगतो. पण त्या रात्रीच्या प्रेक्षकांत 'आज राहू द्या, बाई' म्हणणारे किती होते, हे कुणी सांगत नाही. तिकिटे काढलेली होती. त्यांचा हिशेब त्यांच्या बाजूने चोख होता. विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांची अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. नंतर त्यांच्या नावाने राज्य शासनाचा पुरस्कार सुरू झाला.

इथवर लिहिताना आम्ही पाहणाऱ्यांच्या बाजूला बसलो होतो. पण आमची, म्हणजे मराठी मुसलमानांची, जागा तेवढीच नाही. आमचा एक भाचा शिकायला मोठ्या शहरात गेला. खोली शोधत फिरत होता. एका घरमालकांनी आधी पुष्कळ गप्पा मारल्या. त्यांना गझला आवडत होत्या, कव्वाली आवडत होती, रमजानमध्ये ते मुद्दाम खास गल्लीत जेवायला जात असत. नाव ऐकल्यावर मात्र खोली कालच दिली गेल्याचे त्यांना आठवले. भाचा घरी येऊन म्हणाला, "त्यांना आपली बिर्याणी चालते, आपण चालत नाही." त्याच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होते. आमच्या काळजात ते अजून रुतून आहे.

ज्याचा नाच चालतो त्याचा शेजार चालतो का? आम्हाला वाटते, खरी कसोटी ही आहे. ती घरमालकांना लावायची तर स्वतःलाही लावावी लागेल. सॅक्रोमॉन्तेत हितानोंचा नाच पाहून भारावलेला पर्यटक आपल्या गावी रोमांच्या वस्तीजवळून जाताना पाकीट चाचपतो. आम्ही दरवेशी, मदारी, शिकलगार, छप्परबंद यांच्याशी कसे वागलो? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांत छप्परबंदांसारखी मुस्लिम जमातही पुढे आली. तो कायदा १९५२ साली गेला. पण आमच्या बोलण्यातून तो गेला का? मशिदीत एका सफेत उभे राहतो, हे आम्ही अभिमानाने सांगतो. सफ मोडल्यावर बाहेर पडून जी रांग लागते, तिच्याविषयी बोलत नाही. सोयरिकीच्या वेळी बिरादरी विचारतो. जालन्याहून शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा इस्लाममध्ये जात नाही, असे त्यांना सुनावणारे आमच्यातलेच होते. धर्मात नाही हे खरे. दस्तरखानावर आहे.

म्हणून अम्मींच्या प्रश्नाचा अर्थ आम्ही असा लावतो. मजुरी हा कलावंताचा हक्क आहे. ती द्यायचीच, वेळेवर आणि हातात द्यायची. त्यात उपकार नाही. पण मजुरी देऊन आम्ही फक्त गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला मागे काही देणे नसते. बिल चुकते झाले की तो मोकळा. मेहमान व्हायचे तर यजमानाची खबर घ्यावी लागते. तो कोण, कुठून आला, त्याचे गाणे कशावर आहे, तो जेवला का. आणि खबर घेतली की ती वाऱ्यावर सोडता येत नाही. त्याची वस्ती उठत असेल तेव्हा, त्याच्या पोराला शाळेत मागे बसवले जात असेल तेव्हा, त्याला खोली नाकारली जात असेल तेव्हा ती आठवावी लागते. हे तिकिटात बसत नाही. मामेभावाला विचारपूस नको होती, कारण त्याने विचारपुशीच्या नावाखाली दया पाहिली होती. दया वरून खाली येते. खबर बरोबरीचा माणूस घेतो.

हे सगळे लिहायला सोपे आहे. लग्नात काय झाले तेही सांगितले पाहिजे.

निकाहाच्या दिवशी संध्याकाळी बँडवाले आले. शेजारच्या गावची, बौद्ध आणि मातंग पोरे. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, क्लॅरिनेट वाजवणारा. अम्मींनी आम्हाला बोलावून सांगितले, आधी यांना बसवा. आम्ही जाऊन मोठ्या ऐटीत तसे म्हणालो. म्होरक्या हसला. म्हणाला, "भाऊ, खाल्लं की फुंकता येत नाही. आधी वाजवून घेतो. मग बसू, पण तुमच्यासंगं. मागच्या अंगणात नको." इतकी वर्षे आमच्या दारात बाजा वाजत आला आणि फुंकणारा उपाशीपोटी फुंकतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. विचारल्यावर कळले. आणि मागच्या अंगणात पूर्वी कुणी बसवले होते, हेही त्याने न सांगता कळले. ते अंगण आमचेच होते.

वरात आली, बाजा थांबला. फरशी टाकली, दस्तरखान अंथरला, बँडवाले आमच्या ओळीत बसले. त्याच वेळी आमच्या घरातले एक बुजुर्ग उठले, तब्येत बरी नाही म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांची तब्येत ठणठणीत होती. सगळ्यांना ते दिसले, म्होरक्यालाही दिसले. त्याने मान खाली घालून नान तोडला. आम्ही त्या बुजुर्गांना तेव्हा काही बोललो नाही. लग्नघर होते, ते वयाने मोठे होते. नंतरही बोललो नाही. हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा कदाचित बोलणे होईल.

म्होरक्याच्या शेजारी आमचा मामेभाऊ बसला होता. बारा वर्षे दुसऱ्यांना वाढणारा तो माणूस क्लॅरिनेटच्या पात्या कशा भिजवतात ते विचारत होता आणि म्होरक्या त्याला दुबईत बँडला काय भाव आहे ते विचारत होता. मोबाईल त्याच्या खिशात होता. त्या रात्रीची चित्रफीत कुणाकडेच नाही. सगळ्यांचे उजवे हात कलियात होते.